पायलीभर बाजरी

गाडी उडायला लागली की लोक आधी ड्रायव्हरला शिव्या देतात, मग रस्त्याला, मग सरकारला. कमानीकडं, म्हणजे ॲक्सलवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगकडं, कुणी बघत नाही. मी दौंडात इतकी वर्षं हेच सांगत आलोय, की बाबांनो, उडण्याला कारण असतं आणि ते गाडीच्या पोटाखाली असतं. टायरात हवा जास्त झाली तर गाडी टणटण करते. शॉकअब्सॉर्बरमधलं तेल गळून गेलं तर खड्डा संपला तरी ती वरखाली होत राहते. कमानीचे पाटे गरजेपेक्षा ताठ बसवले तर रिकामी गाडी उडते आणि माणसं बसली की शांत होते. एवढ्यात सगळं आलं. या अयुब मिस्त्रीला चौथं कारण माहीत नाही, आणि कुणी सांगायला आलं तर मी ऐकूनही घेत नाही.

आण्णाची गाडी मात्र यात बसली नाही. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझं गॅरेज म्हणजे रेल्वे कॉलनीच्या भिंतीला टेकलेलं पत्र्याचं छप्पर. यार्डात इंजिन डबे ढकलायला लागलं की माझे पाने खिळ्यावर वाजायचे. एका सकाळी आण्णा स्टेशनावरच्या हमालांकडून एक काळी मोटार ढकलत घेऊन आला. कॉलनीतला एक गार्डसाहेब कायमचा विलायतेला निघाला होता, त्याची गाडी. पुढून देखणी होती आणि मागून बसलेली म्हैस. दोन्ही बाजूंच्या कमानी तुटून बॉडी पार ॲक्सलवर टेकली होती.

आण्णा शिरूर तालुक्यातला, न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीतला. आजा मेंढरं राखायचा, बापानं विहीर पाडली आणि आण्णानं ऊस लावला. धिप्पाड गडी, पण बोलताना टोपी काढून हातात फिरवत राहायचा.

"मिस्त्री, मागच्या कमानी नव्या बसवा," तो म्हणाला. "पर अशा बसवा, की बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलता कामा न्हाई."

"कोण महाराज बसणार हायत?"

तो हसला नाही. "आमची मंडळी. बानू. सातवा लागलाय तिला."

मग हळूहळू त्यानं सांगितलं. तीन बाळं झाली होती आणि तिन्ही गेली होती. प्रत्येक वेळी बैलगाडी, प्रत्येक वेळी तोच खडकाळ रस्ता, आणि दवाखाना दिसायच्या आत सगळं आटोपलेलं. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी यंदा आधीच तंबी दिली होती, की दिवस भरायच्या आत तिला इथं आणून ठेवा आणि वाटेत गचके बसू देऊ नका. हे चौथं गेलं तर पुढची आशा सोडा, असंही त्या म्हणाल्या होत्या.

"वाडीतली लोकं हसत्यात मला. म्हणत्यात, शेताला न्हाई, बाळंतपणाला मोटार घेतली," आण्णा म्हणाला. "हसू द्या. पोर जितं घरी आलं पायजे."

मला असलं काम आवडतं. नुसतं टायर बदल, पट्टा बदल, यात काय जीव रमतो? मी त्याला म्हणालो, "आण्णा, तुमची बाई आत भाकरी थापत बसली तरी पीठ सांडणार नाही, अशी गाडी करून देतो."

मूळच्या कमानी मिळायचा प्रश्नच नव्हता. मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो आणि लोखंडाच्या ढिगातून एक जोडी उपसून काढली. कुठल्या गाडीची ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पण पाट्यांना तडा नाही, गंज नाही, हातोडीनं वाजवलं की नाद खणखणीत. परतताना रेल्वेच्या डब्यात त्या पायाशी घेऊन बसलो होतो आणि दर स्टेशनाला हात लावून बघत होतो. बसवल्या तर काय सांगू, भोकाला भोक जुळलं, एक कानस मारावी लागली नाही. गाडी मागून उचलली गेली आणि ऐटीत उभी राहिली. आण्णानं तिच्यापुढं नारळ फोडला.

दुपारी पाटसच्या रस्त्याला काढली. पहिल्या फर्लांगातच माझं डोकं छपराला लागलं.

दणका नव्हता तो. दणका मला कळतो. ही मागून सावकाश वर यायची, जराशी थांबायची, सावकाश खाली बसायची आणि पुन्हा वर. खड्डा असो वा नसो. मालधक्क्यावरची फरसबंदी सपाट, तिथं नेली, तिथंही तेच. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. मी मात्र खूष झालो, खरंच सांगतो. किती वर्षांनी एक गाडी मला कोडं घालत होती. अंगात वारं शिरल्यागत मी कामाला लागलो. टायरातली हवा कमी केली, वाढवली. शॉकअब्सॉर्बर खोलून नवं दाट तेल भरलं. यू-बोल्ट आवळले, बुश बदलले, कमानीचा एक पाटा काढून तिला नरम केली. दर वेळी वाटायचं, आता सापडलं. दर वेळी मी हात पुसत गाडीत बसायचो आणि डोकं आपटून परत यायचो. खुर्शिद, माझी बायको, जेवणाचं ताट झाकून झाकून कंटाळली. म्हणाली, "त्या गाडीशीच निकाह लावून घ्या, म्हंजी मी सुटले."

तोवर बानूबाईला आठवा संपत आला होता. शेवटी मी ठरवलं, की ज्या रस्त्यावर गाडी चालायची त्याच रस्त्यावर तिचं दुखणं शोधायचं. आण्णाला शेजारी घेतला आणि वाडीची वाट धरली. वरवंड, चौफुला, मग पारगावचा फरशीचा पूल उतरून नदीपार. सारा रस्ता गाडी झुलत होती. आण्णा दोन्ही हातांनी दार धरून बसला होता.

वाडी म्हणजे लिंबाच्या झाडाभोवती दहा-बारा घरं. गाडी झाडाखाली उभी केली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. बानूबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आली. सावळी, हसऱ्या डोळ्यांची बाई. एवढं सोसून कुणाच्या तोंडावर इतकं हसू राहतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, ही तर नाचत आली की," ती म्हणाली. "तिला बी कळलंय वाटतं घरात काय व्हायचं हाय ते."

तिच्या मागोमाग सोजराबाई आली, आण्णाची आई. वाडीतली निम्मी पोरं याच म्हातारीच्या हातावर जन्मलेली. ती लांब उभी राहून बघू लागली.

आता गाडी उडते कशी ते बघायची माझी पद्धत अशी. मागच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवायचे, अंगाचा सगळा भार देऊन दाबायची आणि सोडायची. चांगली गाडी एकदा वर येते, जागेवर बसते आणि गप्प होते. मी दाबली आणि सोडली. पुन्हा दाबली.

"मिस्त्री, हात काढा," सोजराबाई म्हणाली. "रिकामी हलवू नका."

"का वो मावशी?"

"ही कुणापायी घेतलीया?"

"तुमच्या नातवापायी."

"मग रिकामा पाळणा कुणी हलवतं का?"

माझ्या आईनंही लहानपणी यासाठी माझ्या हातावर फटका मारला होता. आमचं घर काय आणि धनगराचं घर काय, रिकामा पाळणा हलवला की बाळाला बाधतं, यावर सगळ्या म्हाताऱ्यांचं एकमत. ते मी पाळतोही. पण मोटारीला पाळणा म्हणायचं म्हणजे हद्द झाली. मला जरा रागच आला. मी म्हणालो, "मावशी, हलवल्याबिगर दुखणं कळायचं कसं? तुम्ही बाईचं पोट दाबून बघता, मी गाडीचं बघतो." आणि हलवली. चांगली घाम निघेपर्यंत हलवली, डाव्या अंगानं, उजव्या अंगानं. म्हातारी तोंड फिरवून आत गेली.

मग मी पडवीत जाऊन पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवला आणि बाहेर पाहिलं, तर गाडी हलतच होती.

झाडाखाली कुणी नव्हतं. वारा नव्हता, लिंबाचं पान हलत नव्हतं. गाडी मागून वर यायची, थांबायची, खाली बसायची. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, आपण जोरात हलवली, पाच-सहा हेलकाव्यांत थांबेल. पण तिचा जोर कमी होत नव्हता. सावलीला म्हणून गाडीखाली बसलेल्या कोंबड्या एकेक करून उठल्या आणि उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. मी जाऊन मडगार्डवर तळहात टेकला. ती थांबली. हात उचलला, आणि ती जिथं थांबली होती तिथूनच पुन्हा सुरू झाली.

"मिस्त्री," आण्णा हळूच म्हणाला, "हे बरं हाय का?"

"बरं न्हाई आन् वाईट बी न्हाई. लोखंड हाय," मी म्हणालो. असला चमत्कार माझ्या हाताखाली चालला होता आणि मला तो उलगडायचा होता.

वजन टाकून बघितलं. मागच्या सीटवर वाळूची दोन पोती घातली. गाडी खाली दबली, पण हेलकावा तोच. पोती काढून आण्णा आणि त्याचा भावकीतला एक दांडगा गडी बसवला. हेलकावा तोच. दोघंही बसल्या जागी वरखाली होत माझ्याकडं बघत राहिले. मी गाडीखाली शिरून कमानीला कान लावला. पाटा पाट्यावर घासत नव्हता, कुठंही आवाज नव्हता. इतकी सगळी हालचाल आणि आवाज म्हणून नाही.

ऊन उतरायला लागलं तसा मी हत्यारं आवरायला घेतली. तेवढ्यात सोजराबाई आली. राग राग करून गेलेली म्हातारी, पण पाहुण्याला मोकळ्या हातानं कशी पाठवणार? जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली बाजरी तिनं माझ्यापुढं धरली. "नवी हाय. पायलीभर हाय. घरात भाकरी करायला सांगा." मी ते गाठोडं घेतलं, मागचं दार उघडलं आणि सीटच्या डाव्या बाजूला टाकलं.

गाडी थांबली.

मी वाकलेला तसाच राहिलो. मग गाठोडं उचललं. गाडी वर आली, खाली गेली. ठेवलं, थांबली. उजव्या बाजूला ठेवलं तर हलायची. पुढच्या सीटवर ठेवलं तर हलायची. डाव्या बाजूला ठेवलं की गप्प. वाळूची पोती जिला थांबवत नव्हती, दोन दांडगे गडी थांबवत नव्हते, ती गाडी पायलीभर बाजरीनं जागच्या जागी उभी राहत होती. मी गाठोड्यात आणखी दोन मुठी घातल्या, तर पुन्हा हेलकावे. दोन मुठी काढल्या, शांत. बरोबर तेवढंच वजन लागत होतं तिला. का लागत होतं ते मला कळलं नव्हतं, पण औषध तर सापडलं होतं. मी आण्णाच्या पाठीत अशी थाप मारली की तो कळवळला.

गाडीतून वाडीभोवती फेरी मारली. खड्ड्यातून, चाकोरीतून, ओढ्यातल्या दगडगोट्यांतून. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. परत आलो तर बानूबाई पोट धरून हसत होती.

"भाऊ, आमच्या म्हशीला पेंड लागती, तुमच्या मोटारीला बाजरी लागती व्हय?"

"लागू दे. जे मागंल ते देऊ तिला," आण्णा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्यानं टोपी डोक्यावर घातली होती.

सोजराबाईनं सीटवरचं गाठोडं उचललं. दोन्ही हातांवर तोललं. मग सवयीनंच असेल, ते कोपराच्या खळीत घेतलं, खालून तळहात दिला, आणि तिथंच तिचे हात थांबले. तिनं गाठोडं घाईघाईनं जागेवर ठेवलं.

"काय झालं, मावशी?"

"काही न्हाई," ती म्हणाली. "वजन ओळखीचं हाय."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला गाडीशी कर्तव्य होतं.

दिवस भरत आले तसं बानूबाईला दौंडला आणलं. मागं उजवीकडं ती, डावीकडं गाठोडं, पुढं आण्णा आणि मी. सकाळचं कोवळं ऊन होतं, उसाला तुरे आलेले, आणि गाडी अशी चालली होती की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पारगावच्या फरशीवर बानूबाईनं ते गाठोडं सहज मांडीवर घेतलं. फडक्याची गाठ सुटली होती म्हणे, ती आवळायला. गाडीनं लगेच मागून हेलकावा घेतला. "ठेवा, ठेवा ते जागेवर," मी म्हणालो. तिनं ठेवलं आणि पुढचा सगळा रस्ता पुन्हा शांत गेला. दवाखान्याच्या दारात उतरताना ती म्हणाली, "पोटातलं पाणी हललं न्हाई, भाऊ. तुम्ही बोलला तसंच झालं." त्या एका वाक्यानं माझा दोन-अडीच महिन्यांचा शीण गेला.

आणि पोर जगलं. मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरलेलं, खणखणीत बाळ आहे, आणि तिचं रडणं थेट रस्त्यापर्यंत ऐकू आलं. लोक मुलगी झाली की बर्फी वाटतात, पण आण्णानं पेढे वाटले, आणि तेही सबंध दौंडभर. स्टेशनवरचे हमाल, तिकीटबाबू, टांगेवाले, कुणाला सोडलं नाही. माझ्या तोंडात त्यानं स्वतःच्या हातानं पेढा घातला आणि मग दोन्ही हातांनी माझे काळे हात धरून रडला. मीही रडलो. खुर्शिदनं बाळाला पाहिलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "केवढी जड आहे, मांडीला रग लागली माझ्या."

बारशाच्या आत बाळ-बाळंतिणीला घरी न्यायचं ठरलं. सकाळी गाडी धुऊन पुसून दवाखान्याच्या दारात लावली. डाव्या बाजूला गाठोडं ठेवलं. बानूबाई उजवीकडं बाळाला मांडीवर घेऊन बसली. पुढं आण्णा आणि मी. वाडीत सोजराबाई भाकरतुकडा घेऊन वाट बघत होती.

गाव सोडलं आणि गाडी उडायला लागली.

पूर्वी कधी उडाली नव्हती अशी. मी मागं वळून पाहिलं. गाठोडं जागेवर होतं. पाटसला थांबून मी ते मापून घेतलं, दाणा कमी नव्हता. इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. काही उपयोग नाही. वरवंडला पुन्हा गाडीखाली शिरलो. सगळं जागच्या जागी. माझा संताप संताप झाला. एवढं हातात आलेलं औषध ऐन वेळी दगा देतं म्हणजे काय? बाहेर आलो तर बानूबाईचा चेहरा पांढरा पडला होता. एका हातानं तिनं समोरची सीट धरली होती, दुसऱ्या हातानं बाळाला आवळलं होतं. बाळानं दूध टाकलं होतं.

"भाऊ, माझ्यानं धरवंना," ती म्हणाली. "हातातनं निसटंल असं भ्या वाटतं."

"खाली निजव तिला," आण्णा म्हणाला. "सीटवर. तू हात लावून बस."

तिनं गाठोडं उचलून पायाशी ठेवलं. त्याच्या जागी, सीटच्या डाव्या बाजूला, दुपटं अंथरून बाळाला निजवलं.

मी गाडी सुरू केली. दहा हात गेलो, वीस हात गेलो. माझे हात स्टिअरिंगवर तसेच थांबले.

गाडी चालली आहे की उभी आहे हे कळत नव्हतं. बाजरीनं ती शांत व्हायची, पण ही शांतता वेगळी होती. चौफुल्यानंतरचे खड्डे मला डोळ्यांनी दिसत होते, अंगाला लागत नव्हते. मला इतका आनंद झाला की मी आण्णाच्या मांडीवर चापट मारली आणि गाडीचा वेग वाढवला. फरशी आली आणि गेली. आरशात पाहिलं तर बानूबाईचा डोळा लागला होता, मान दाराला टेकली होती. कित्येक दिवसांची झोप असेल. बाळ जागं होतं. रडत नव्हतं, हात हलवत नव्हतं. टक लावून छपराकडं बघत होतं.

न्हावऱ्याच्या अलीकडं मी मुद्दाम एका दगडावरून चाक घातलं. काही नाही. गाडी बरी झाली होती, कायमची. कारागिराला कळतं ते.

वाडीत सगळी माणसं लिंबाखाली जमली होती. सोजराबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. आण्णानं उतरून मागचं दार उघडलं. बानूबाई जागी झाली, हसली, खाली उतरली आणि बाळाला घ्यायला वळली.

तिनं वाकून दोन्ही हात दुपट्याखाली घातले आणि उचललं.

हात एकदम वर आले. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसे. बाळ तिच्या डोक्याच्याही वर गेलं आणि तिनं कसंबसं त्याला सावरलं.

कुणीतरी हसलं. मग हसायचं थांबलं.

बानूबाईनं दुपटं बाजूला करून बघितलं. बाळ होतं. गुलाबी, टवटवीत. डोळे उघडे होते. तिनं त्याला छातीशी धरलं, पुन्हा लांब धरलं, पुन्हा छातीशी धरलं.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "बघा की जरा."

सोजराबाईनं तांब्या खाली ठेवला. बाळ दोन्ही हातांवर घेतलं. वाडीतली निम्मी पोरं झेललेल्या त्या हातांना ओझं कळतं. तिनं बाळाकडं पाहिलं, मग गाडीकडं, आणि मग माझ्याकडं. मला ते बघवेना. मी मडगार्डला टेकलो.

गाडी हलली नाही. मी दाबून पाहिलं. खाली गेली, वर आली आणि जागेवर बसली. आत कुणीच नव्हतं.

"मिस्त्री," आण्णा म्हणाला, "काय झालं वो? पोर तर जितं हाय."

"जितं हाय," मी म्हणालो. "गाडी बी बरी हाय."

दुसरं काय सांगणार होतो? मी माझं काम केलं होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

सोजराबाईनं बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी टाकलं, आणि ते सुनेच्या हातात परत दिलं. "चल घरात," ती म्हणाली. बायका वाट देऊन उभ्या राहिल्या.

बानूबाई घराकडं गेली नाही. दोन पावलं मागं आली आणि गाडीत शिरून पुन्हा आपल्या जागेवर, उजवीकडं, बसली.

"थोडं बसते," ती म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय, उठवू नका."

बाळ तिच्या उजव्या हातात होतं, जागं, आमच्याकडं बघत. तिचा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर होता, आणि ती सीट हलक्या हातानं थोपटत होती.